क्यूब फिरवून गाव कसं फिरवावं
होटगी आणि पंचक्रोशीतल्या नवशिक्या लिनक्स-प्रचारकांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी

इंजिनिअरिंगच्या सुट्टीत तुम्ही होटगीला घरी आला आहात. होस्टेलवर एका सीनियरने तुमच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून दिलंय आणि तेव्हापासून विंडोजवाला माणूस दिसला की तुमचे हात शिवशिवतात. ओपन सोर्स म्हणजे काय हे तुम्ही आतापर्यंत आईला, दोन चुलतभावांना आणि आसरा चौकातून निघालेल्या रिक्षातल्या एका अनोळखी गृहस्थांना समजावून सांगितलंय. गृहस्थ विमानतळाच्या अलीकडेच उतरले. त्यांना खरं तर होटगीलाच जायचं होतं.

तुमचं चुकतंय ते इतकंच, की तुम्ही स्वातंत्र्याबद्दल बोलता. सोर्स कोड वाचायचं स्वातंत्र्य, त्यात फेरफार करायचं स्वातंत्र्य, तो वाटायचं स्वातंत्र्य. होटगीत स्वातंत्र्याबद्दल १५ ऑगस्टला बोलतात आणि नंतर पोरांना गोळ्या वाटतात. उरलेल्या दिवसांत माणसाला डोळ्यांनी काहीतरी दिसावं लागतं.

"फुकट आहे" हेही सांगू नका. आपल्याकडे विंडोजसुद्धा फुकटच असतं. नवी पेठेतला पोरगा फॉरमॅट मारायचे पैसे घेतो, विंडोजचे घेत नाही. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात "अ‍ॅक्टिव्हेट विंडोज" अशी फिकट अक्षरं उमटतात, तिकडे कुणी लक्ष देत नाही. ज्या बाजारात महागडी वस्तूही फुकट मिळते तिथे फुकट वस्तूला काय भाव मिळणार? हे कोडं जगातल्या भल्याभल्या लिनक्सवाल्यांना सुटलेलं नाही. तुम्ही त्याच्या नादी लागू नका. तुम्ही क्यूब दाखवा.

लागणारं साहित्य

एक जुना कॉम्प्युटर. तो स्टेशनकडच्या सेवा केंद्रात मिळेल. केंद्राच्या चालकाला आपण मालक म्हणू, कारण सोलापुरात कुणालाही मालक म्हणतात. मालकांकडे दोन मशीनं आहेत. नव्यावर ते स्वतः बसतात. जुनं कोपऱ्यात असतं, त्याच्या कीबोर्डवर झेरॉक्सचे कागद ठेवलेले असतात. तेच आपलं.

मुहूर्त चांगला आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार काढून घेतला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसर साधारण २०१८ च्या पुढचा लागतो. कोपऱ्यातलं मशीन त्याच्या कितीतरी आधीचं. म्हणजे चालू असलेलं, न बिघडलेलं मशीन कागदोपत्री निवृत्त झालं. मालकांना हे ठाऊक नाही आणि सांगितलं तरी फरक पडणार नाही. पण तुम्ही सांगाच, बोलायला सुरुवात तर होते.

आठ जीबीचा एक पेन ड्राइव्ह. एक यूपीएस. फताटेवाडीला एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा वीजप्रकल्प आहे, त्याच्या चिमण्या होटगीतून दिसतात, तरी यूपीएस लागतोच. कारण विचारू नका.

शक्य झाल्यास एक एसएसडी. ही या मार्गदर्शिकेतली सर्वांत मोलाची सूचना आहे, म्हणून नीट वाचा. जुन्या मशीनमधली फिरणारी हार्डडिस्क काढून तिथे एसएसडी बसवा. मशीन दहा मिनिटांऐवजी अर्ध्या मिनिटात चालू होईल. हे श्रेय एसएसडीचं असतं. तुम्ही ते लिनक्सला द्या. सगळे देतात.

थोडा इतिहास, लोकांना बोअर करण्यापुरता

२००६ च्या जानेवारीत नॉव्हेल कंपनीतल्या डेव्हिड रेव्हमन या प्रोग्रामरचं कॉम्पिझ बाहेर आलं. सोर्स कोडसकट, सगळ्यांसाठी खुलं. तोवर लिनक्सचा डेस्कटॉप म्हणजे तपकिरी नाहीतर निळी पाटी आणि तिच्यावर चौकोनी खिडक्या. कॉम्पिझ आलं आणि चार डेस्कटॉप एका क्यूबच्या चार बाजूंना चिकटले. कंट्रोल आणि ऑल्ट दाबून माउस ओढला की अख्खा क्यूब गरगर फिरायचा. खिडकी धरून हलवली की डुलायची. बंद केली की जळून खाक व्हायची, हवी असेल तर. स्क्रीनवर पाऊस पडायचा आणि पाण्यात वलयं उठायची. पुढे तर क्यूबच्या पोटात मासे पोहायला लागले.

त्याच वर्षी सप्टेंबरात काही मंडळी वेगळी झाली आणि त्यांनी बेरिल नावाची वेगळी चूल मांडली. २००७ मध्ये दोन्ही घरं पुन्हा एक झाली, नाव पडलं कॉम्पिझ फ्यूजन. या भाऊबंदकीचे तपशील पाठ करून ठेवा. विचारणार कुणी नाही, पण आपल्याला ते ठाऊक आहेत या जाणिवेने चेहऱ्यावर जे तेज येतं ते प्रचाराला लागतं.

मजा अशी की जानेवारी २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिस्टा आणलं. त्यातल्या काचेसारख्या खिडक्यांना एअरो म्हणायचे, आणि त्यासाठी ग्राफिक्सची १२८ एमबी मेमरी असलेलं कार्ड सांगितलं होतं. व्हिस्टाच्या होम बेसिक आवृत्तीत ती काच मिळायचीच नाही. इकडे कॉम्पिझ मदरबोर्डवरच्या साध्या इंटेल ग्राफिक्सवरही चालायचं. यूट्यूब तेव्हा नुकतंच मोठं होत होतं. एका बाजूला व्हिस्टा, दुसऱ्या बाजूला बेरिल, मागे कर्णकर्कश संगीत, असे व्हिडिओ पोरं चढाओढीने टाकायची. ऑक्टोबर २००७ मध्ये उबुंटू ७.१० आलं आणि त्यात कॉम्पिझ सुरुवातीपासूनच चालू ठेवलेलं होतं. उबुंटूची सीडी हवी असेल तर साइटवर नाव-पत्ता भरायचा. टपालाने घरपोच यायची, पोस्टेजसुद्धा त्यांचंच. ही सोय त्यांनी २०११ च्या एप्रिलमध्ये बंद केली.

२००७ मध्ये लिनक्स घराघरात पोचणार असं ठरलं होतं. तसं ते दर वर्षी ठरतं.

आपल्याकडे त्या काळात ग्रामीण भागात रोजचं बारा-बारा तास लोडशेडिंग. ज्याच्याकडे सीडी त्याच्याकडे वीज नाही, ज्याच्याकडे वीज त्याच्याकडे ग्राफिक्सचा ड्रायव्हर नाही, आणि ड्रायव्हर उतरवायला लागणारं इंटरनेट कॅफेत तासावर मोजून मिळायचं. तरीही ज्यांनी तेव्हा तो क्यूब फिरवला ते आज चाळिशीला आले आहेत, त्यांच्या डोक्यावरचे केस गेले आहेत, आणि क्यूबचं नाव काढलं की अजून त्यांचे डोळे लकाकतात. पुढे त्यातले कितीतरी लिनक्सच्याच नोकऱ्या करून पोट भरायला लागले. तेव्हा क्यूबने काहीच केलं नाही असं म्हणता यायचं नाही. गावं फिरली नाहीत. काही पोरं फिरली.

हे चालतं कसं

कुणी मास्तर गर्दीत निघालाच तर एवढं माहीत असावं. पूर्वी प्रत्येक प्रोग्राम आपली खिडकी थेट पडद्यावर रंगवायचा. वरची खिडकी सरकली की खालच्या खिडकीला निरोप जायचा, "तुझा तुकडा उघडा पडलाय, पुन्हा रंगव." ती आळशी असेल तर पडद्यावर पांढरे ओरखडे दिसायचे. कॉम्पिझच्या पद्धतीत प्रत्येक खिडकी आपलं चित्र मेमरीत बाजूला काढते. मग एक कारभारी ती सगळी चित्रं गोळा करून ग्राफिक्स कार्डाकडे देतो आणि कार्ड ती हवी तशी, हव्या त्या पृष्ठभागावर चिकटवतं. एकदा चित्र कार्डाच्या हातात गेलं की ते सपाट ठेवा, क्यूबवर लावा, वाकवा, जाळा. कार्डाला सगळं सारखंच.

डुलणारी खिडकी तर फारच देखणं गणित आहे. कॉम्पिझ खिडकीवर चार बाय चारची जाळी कल्पितं. जाळीचे बिंदू एकमेकांना काल्पनिक स्प्रिंगांनी बांधलेले. तुम्ही एक कोपरा ओढता, त्याचा ताण शेजारच्या बिंदूला लागतो, त्याचा पुढच्याला, आणि हात सोडल्यावर सगळे पुन्हा जागेवर येईपर्यंत खिडकी लवलवत राहते. स्प्रिंग किती ताठ आणि घर्षण किती, याचे आकडे सेटिंगमध्ये बदलता येतात. घर्षण अगदी कमी करून पाहा. खिडकी बराच वेळ शांत होत नाही. तुम्हीही होणार नाही.

(हे सगळं मास्तरांना सांगितल्यावर ते विचारतील, "याचा उपयोग काय?" या प्रश्नाचं उत्तर "मल्टिटास्किंग" असं द्यायचं आणि लगेच क्यूब फिरवायचा.)

क्यूब बसवणं

कुठलं लिनक्स घ्यावं हा प्रश्न कुणालाही विचारू नका. दोन लिनक्सवाल्यांना विचारलंत तर तीन उत्तरं येतील आणि दोघांचं बोलणं बंद होईल. आपल्याला फक्त क्यूब हवा आहे, म्हणून केडीई प्लाझ्मा ६ हा डेस्कटॉप असलेलं घ्या. केडीईनेही हा क्यूब मध्ये काही वर्षं काढून टाकला होता. २८ फेब्रुवारी २०२४ ला प्लाझ्मा ६ आलं तेव्हा तो परत आला. त्यामुळे कुबुंटू २४.०४ घेऊ नका, त्यात जुनं प्लाझ्मा आहे. फेडोराची केडीई आवृत्ती किंवा डेबियन १३ चालेल.

फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर लिहा. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, त्यासाठीचा वेगळा प्रोग्राम वापरा. मशीन चालू होताना एफ २, एफ ९, एफ १२ किंवा डिलीट यांपैकी एक कळ दाबायची असते. कुठली ते कंपनीवर अवलंबून. चारही एकदम दाबू नका. बूट मेनू आला की पेन ड्राइव्ह निवडा. लिनक्स हार्डडिस्कला हात न लावता थेट पेन ड्राइव्हवरून चालू होईल.

आता डेस्कटॉपवर "इन्स्टॉल" असं चिन्ह दिसेल. त्याला हात लावू नका. मालकांच्या डी ड्राइव्हमध्ये गावातल्या निम्म्या लोकांचे पासपोर्ट फोटो, बाकीच्यांची जातीच्या दाखल्याची कागदपत्रं आणि मागच्या पाच वर्षांच्या लग्नपत्रिका आहेत. त्यांची दुसऱ्या डिस्कवर नक्कल काढल्याशिवाय जो इन्स्टॉल दाबतो, त्याने त्याच दिवशी विजापूरची गाडी धरावी.

सेटिंगमध्ये व्हर्च्युअल डेस्कटॉप शोधा आणि ते चार करा. इथे नवशिके हमखास फसतात. कॉम्पिझच्या काळात दोनच डेस्कटॉप ठेवून क्यूब चालू केला की क्यूब व्हायचाच नाही. पुढून-मागून दोन बाजू असलेली पातळ पाटी फिरायची. मग पोरगं रात्रभर ग्राफिक्स कार्डाला शिव्या द्यायचं. चार डेस्कटॉप झाले की डेस्कटॉप इफेक्ट्समध्ये जाऊन "क्यूब" आणि "वॉबली विंडोज" यांच्यासमोर खूण करा. विंडोजच्या चिन्हाची कळ आणि सी एकदम दाबा. हो, त्या कळेवर चिन्ह विंडोजचंच आहे. त्यावर काही स्टिकर मिळतात, पण आत्ता तो विषय नको.

प्रयोग

वेळ संध्याकाळची निवडा, सोलापूरहून माणसं परततात तेव्हाची. मशीन दुकानाच्या दाराकडे तोंड करून ठेवा.

क्यूबच्या पहिल्या बाजूला सातबारा उघडा. दुसरीला क्रिकेटचा स्कोअर. तिसरीला होटगी तलावाचा फोटो, पाणी भरलेलं असतानाचा. चौथी रिकामी ठेवा. रिकामी बाजू समोर आली की कुणीतरी विचारतंच, "इथं काय न्हाई व्हय?" त्यावर "इथं तुमचं" एवढंच म्हणा आणि क्यूब फिरवा.

पहिल्यांदा पोरं येतात. "काय करलालास बे?" असं विचारून उत्तराची वाट न बघता माउस हातातून काढून घेतात. घेऊ द्या. मग तरुण येतात, मोबाइलवर व्हिडिओ काढतात. शेवटी कट्ट्यावरचे म्हातारे एकेक करून येतात. त्यातले एक आजोबा थोडा वेळ खिडकीचं डुलणं बघतात, चष्मा पुसतात आणि "छलो ऐत्री" म्हणून परत कट्ट्यावर जाऊन बसतात. होटगीत कानडीतून पावती मिळणं म्हणजे पहिल्या वर्गात पास.

या घडीला तुम्हाला वाटेल, जिंकलं. दुकानासमोर गर्दी आहे, सगळ्यांच्या तोंडी क्यूब आहे, एकाने तर "माझ्या पण लॅपटॉपवर टाकून दे" असं म्हटलंय. हाच तो क्षण, जिथे २००६ पासून जगभरातले लिनक्सवाले येऊन थांबलेले आहेत. पुढची पायरी नीट वाचा.

मालकांचा प्रश्न

गर्दी पांगत असताना मालक गल्ल्यामागून विचारतात, "ह्यात टॅली चालतंय का?"

उत्तर नाही असं आहे. वाइन नावाच्या प्रोग्राममधून ओढूनताणून चालवता येतं वगैरे सांगू नका. मालक दारू पीत नाहीत आणि नावावरूनच गैरसमज होईल.

"प्रिंटर?" मालकांकडे तो छोटा लेझर प्रिंटर आहे, जो सोलापुरापासून अक्कलकोटपर्यंत झेरॉक्सच्या बहुतेक दुकानांत दिसतो. कंपनीचं नाव घेण्यात अर्थ नाही. या जातीच्या प्रिंटरला स्वतःचं डोकं नसतं. पानावर कुठे किती काळं करायचं याचा हिशेब कॉम्प्युटरने करायचा आणि प्रिंटरने फक्त छापायचं. स्वस्त पडतो तो म्हणूनच. पण तो हिशेब करणारा ड्रायव्हर कंपनी विंडोजसाठी मन लावून लिहिते आणि लिनक्ससाठी उपकार म्हणून. तुम्ही रात्री दोनपर्यंत बसाल. एक पान छापून येईल. दुसरं येणार नाही.

"थंब मशीन?" केवायसीसाठी अंगठा घेणारं ते यंत्र. त्याच्यासोबत येणारा प्रोग्रामही बहुतेक वेळा विंडोजपुरताच असतो. "मराठी टायपिंग?" इथे मात्र छाती पुढे काढा. युनिकोड मराठी लिनक्सवर उत्तम चालतं, इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आधीपासून असतो, आणि लोहित फॉन्ट २००४ मध्ये खुला करणाऱ्या रेड हॅटचं कार्यालय तर आपल्या पुण्यात आहे. पण मालक विचारतायत ते युनिकोडबद्दल नव्हे. लग्नपत्रिका श्रीलिपीत आहेत, ग्रामपंचायतीचे जुने ठराव कृतिदेवमध्ये. कृतिदेवचं सोपं आहे, फॉन्टची फाइल आणून टाकली की अक्षरं दिसतात. श्रीलिपी विंडोजचं सॉफ्टवेअर आहे. आणि टायपिंगची सरकारी परीक्षा द्यायला आलेली मुलगी ज्या कीबोर्डवर सराव करते, ज्या स्क्रीनवर परीक्षा देते, तिथे लिनक्स नसतं.

यात मालकांचा दोष नाही, लिनक्सचाही नाही. होटगीकरांना हे दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नाही. इथून वाडीकडे जाणारी मोठी लाइन ब्रॉडगेज, आणि विजापूर-गदगची लाइन किती तरी वर्षं मीटरगेज होती. मीटरगेजचा डबा कितीही रंगीत केला, खिडक्यांना पडदे लावले, तरी तो ब्रॉडगेजवर चढत नसे. क्यूब म्हणजे डब्याचा रंग. टॅली, प्रिंटर, अंगठा आणि परीक्षा म्हणजे रूळ. विजापूरची लाइन ब्रॉडगेज झाली ती प्रवाशांना डबा आवडला म्हणून नव्हे. कुणीतरी वर बसून ठरवलं, पैसा घातला आणि रूळ उखडून नवे टाकले.

केरळने हेच शाळांत केलं. तिथे सरकारी शाळांतलं संगणकशिक्षण लिनक्सवर गेलं ते क्यूब बघून नाही. पुस्तक लिनक्सचं, परीक्षा लिनक्सवर, शिक्षकांचं प्रशिक्षण लिनक्सवर. पोरं बसली आणि शिकली, विषय संपला. आपल्याकडे एमकेसीएल २००१ मध्ये निघालं, एमएस-सीआयटी गावोगावी गेला, आणि ज्याला सरकारी नोकरी हवी त्याने तो केलाच. लाखो लोकांना पहिल्यांदा माउस धरायला शिकवणारा तो अभ्यासक्रम, आणि शिकवलं ते विंडोज आणि ऑफिस. तेव्हाच्या वर्गात लिनक्स असतं तर आज मालकांनी तुम्हाला विचारलं असतं, "ह्ये विंडोज काय असतंय?" सी-डॅकने २००७ मध्ये बॉस नावाचं भारतीय लिनक्स काढलं, संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये विंडोज सोडून उबुंटूवर बेतलेलं माया घ्यायचं ठरवलं. दोन्हींत कुणी क्यूब बघून निर्णय घेतला असेल असं वाटत नाही.

आणि तुमच्या प्रयोगाचा व्हिडिओ ज्या मोबाइलांवर निघाला, त्यांच्यात काय होतं? अँड्रॉइड. २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन आला तेव्हापासून आत लिनक्सचाच गाभा आहे. म्हणजे दुकानासमोरचा जवळजवळ प्रत्येक जण लिनक्स हातात धरून तुमचं लिनक्स बघत होता. हे त्यांना सांगू नका. त्यांना वाटेल आता मोबाइलवरही टॅली चालणार नाही.

खरा उपाय, जो दिसायला काहीच नाही

दुसऱ्या दिवशी सकाळी जा, गर्दी नसताना. क्यूब बंद करा.

कॉलेजची पोरं प्रिंट काढायला येतात तेव्हा पेन ड्राइव्ह घेऊन येतात, आणि पेन ड्राइव्हमध्ये शॉर्टकट व्हायरस असतो. फोल्डर गायब, त्यांच्या जागी शॉर्टकट, त्यावर क्लिक केलं की मालकांच्या नव्या मशीनमध्ये शिरकाव. मग संध्याकाळी मालकांचाच पेन ड्राइव्ह ग्रामपंचायतीत जातो आणि तिथून तालुक्याला. मालक महिन्याआड फॉरमॅट मारून घेतात ते याच कारणासाठी.

असा एक पेन ड्राइव्ह कोपऱ्यातल्या मशीनला लावा. फाइल मॅनेजरमध्ये तो उघडा. पोराचा गायब झालेला प्रोजेक्ट रिपोर्ट तिथेच बसलेला दिसेल. शेजारी .एलएनके शेपटीचे शॉर्टकट आणि एखादी विचित्र नावाची फाइल. व्हायरस विंडोजसाठी लिहिलेला, त्यामुळे लिनक्सवर तो नुसती एक फाइल म्हणून पडून राहतो. शॉर्टकट निवडा, डिलीट करा, पीडीएफ पेन ड्राइव्हवरून उचला, नेटवर्कवरून नव्या मशीनला द्या, तिथून प्रिंट. पोराला त्याचा रिपोर्ट परत मिळतो, वर पेन ड्राइव्ह साफ करून मिळतो, आणि मालक त्याचे वेगळे दहा रुपये लावतात.

मालक हे सगळं उभं राहून बघतात. काही बोलत नाहीत. मग कोपऱ्यातल्या मशीनच्या कीबोर्डवरचे झेरॉक्सचे कागद उचलून दुसरीकडे ठेवतात.

आता इन्स्टॉल दाबा. नक्कल काढली आहे ना, ते एकदा बघून घ्या.

मेनू मराठीत करून देण्याचा मोह आवरा. मालकांना इंग्रजी येत नाही असं नाही. त्यांना "फाइल"नंतर "एडिट" कुठे आहे ते न वाचता येतं, हाताला सवय आहे. ब्राउझर तोच ठेवा जो नव्या मशीनवर आहे. डेस्कटॉपवर तीनच चिन्हं ठेवा. पासवर्ड कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा, नाहीतर मालक तो स्वतः चिकटवतील आणि त्यात एक अक्षर चुकलेलं असेल.

अडचणी आणि उपाय

स्क्रीन काळी झाली, फक्त माउसचा बाण दिसतो. ग्राफिक्सचा ड्रायव्हर. दुकानात कुणी नसेल तेव्हा दुरुस्त करा. असेल तर "अपडेट चाललंय" म्हणा. विंडोजमुळे या वाक्यावर लोकांचा पूर्ण विश्वास आहे.

यूपीएस पिपाणी वाजवतो. लाइट गेली. क्यूब फिरवत असाल तर आधी तो थांबवा, मग सेव्ह करा.

मालकांच्या भाच्याने सोलापूरहून येऊन पुन्हा विंडोज टाकलं. भाच्याशी भांडू नका. त्याने पेन ड्राइव्ह लावला की आठवड्याभरात मालकच तुम्हाला फोन करतील. तोवर तुमची सुट्टी संपली असेल तर फोनवरून सांगा, बूट मेनूची कळ कुठली होती ते लिहून ठेवलेलं असावं.

तुमचा लिनक्स-प्रचारक मित्र म्हणतो की क्यूब दाखवणं म्हणजे तत्त्वाशी गद्दारी, माणसांना स्वातंत्र्य समजलं पाहिजे. त्याला आसरा चौकातून रिक्षात बसवा.

शेजारचं पोरगं रोज येऊन विचारतं, क्यूबमधले मासे कुठे गेले. मासे जुन्या कॉम्पिझमध्ये होते, प्लाझ्मातल्या क्यूबमध्ये नाहीत. सोर्स कोड खुला आहे, त्यामुळे कुणालाही ते पुन्हा घालता येतील. पोराचं वय बारा. त्याला सांगून ठेवा.